बेचाळिसावी कबर

१

नाओमी झिराडकर यांनी दगडावरचं नाव बोट फिरवून वाचलं. मग शेजारच्या दगडावरचं वाचलं. शेवटी दोन्ही दगडांच्या मधे रोवलेली स्टीलची चकचकीत पाटी वाचली. ‘कै. लिआ आणि कै. हसाजी झिराडकर, पती-पत्नी.’

“क्रांती,” त्या मला म्हणाल्या, “हसाजी म्हणजे माझे काका.”

मला लगेच उलगडा झाला नाही.

“माझे बाबा तिकडे इस्रायलला, अश्दोदच्या कबरस्तानात आहेत. मी स्वतः त्यांच्यावर माती लोटली. हे त्यांचे थोरले भाऊ. आणि माझ्या आईला इथे त्यांची बायको करून ठेवलंय.” त्यांनी रुमाल काढला आणि बोट पुसलं. बोटाला काही लागलेलं नव्हतं, तरी दोनदा पुसलं.

नाओमीताई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील साताऱ्यात पाणीखात्यात ओव्हरसियर होते. १९५१ साली आई वारली तेव्हा ताई पाच वर्षांच्या होत्या. अठराव्या वर्षी वडिलांबरोबर त्या इस्रायलला गेल्या, त्यानंतर आत्ता आल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट करायची होती. आईच्या कबरीशेजारी तासभर बसायचं आणि एक स्तोत्र म्हणायचं. कबर ओळखून ठेवली आहे, असं एका वेबसाइटनं त्यांना कळवलं होतं. गुरुवारी परतीचं विमान होतं आणि आज सोमवार होता.

त्यांची मावसबहीण कोल्हापूरला वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची, एवढाच माझा संबंध. मी सांगलीला एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दगडफूल हा माझा विषय. मसाल्यातलंच नव्हे, दगडांवर, झाडांवर वाढणारं सगळंच.

सातारा-कोरेगाव रस्त्यापासून आत, तीन बाजूंना ऊस आणि मधे हे ज्यू लोकांचं कबरस्तान. नवी कोरी भिंत, रंगवलेलं फाटक, आत ओळीनं उभे केलेले पांढरेफटक दगड. एकाही दगडावर दगडफूल नव्हतं. शंभर वर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या दगडावर ते नसणं शक्य नाही. कुणीतरी ॲसिड ओतून दगड धुतले होते. पृष्ठभाग खरबरीत झाला होता, अक्षरांच्या कडा विरल्या होत्या.

मी गुडघ्यावर बसले आणि लिआबाईंच्या दगडाच्या बुडाशी किल्लीनं माती उकरली. चार बोटं खाली काहीतरी पिवळसर लागलं. उसाचं पाचट. दगडाच्या तळाखाली दबलेलं, अजून पुरतं न कुजलेलं.

पाचट मातीत दोन-तीन वर्षांत काळं पडून विरून जातं. हा दगड १९५१ पासून इथे उभा असेल, तर त्याच्याखाली परवाचं पाचट कसं जाईल?

“ताई,” मी म्हणाले, “तुमची आई इथे नाही.”

२

फाटकाशी पत्र्याच्या खोलीत भामाबाई राहायची. तिची सासू कबरस्तानाची राखण करायची, आता ती करते. चार शेळ्या दारात बांधलेल्या होत्या.

“दगड कुणी हलवले, भामाबाई?”

“मला काय ठावं?” तिनं शेळीला उगाच एक धपाटा घातला. “मी शेरडामागं. मला वाचाय येत न्हाई, ताई. कुठला दगुड कुनाचा, मला समदं सारखंच.”

“एखादा नकाशा, वही, काही होतं का तुमच्या सासूकडे?”

“हुतं कायबाय ट्रंकंत. वाळवीनं खाल्लं.”

उत्तर फार लवकर आलं. आणि ते देताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, भिंतीपलीकडच्या उसाकडे पाहत होती.

तेवढ्यात उसाच्या बांधावरून एक ताठ म्हातारा आला. मिशा काळ्याभोर रंगवलेल्या, बूट चकाचक. हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार नानासो. गावातली शिकलेली पोरंसुद्धा त्यांना नमस्कार करतात, असं भामाबाईनं ते येताना दिसताच घाईनं सांगितलं. लागून असलेलं सगळं रान त्यांचं. दोन वर्षांपूर्वी कबरस्तानाची साफसफाई झाली ती त्यांच्याच पुढाकारानं.

“जय हिंद, ताई,” ते नाओमीताईंना म्हणाले. “तुमच्या लोकांनी बी फौजंत लय नाव काढलंय. हितं हायेत दोघं-तिघं. मी रोज सलाम करतो.” मागून आलेल्या गड्यानं स्टीलची ताटली पुढं केली. पाणी आणि गूळ. “खावा की. आपल्याच गुऱ्हाळाचा. ह्याच रानातला ऊस. केमिकल न्हाई, औषध न्हाई.”

ताईंनी एक खडा घेतला, मी दोन. गूळ चांगला होता, हे इथे लिहायलाच हवं.

“साफसफाईच्या वेळी दगड हलवले होते का?” मी विचारलं.

“दगड? छ्या! पडल्यालं उभं केलं, येवढंच. जितल्या तितं. आवं, काय अवस्था हुती! घाणेरी पुरुषभर वाढल्याली, पावलागणिक साप. आमी निम्मा उन्हाळा हितं घातला. का, गं भामे?”

भामाबाईनं मान हलवली.

“ऊस तोडीला आलाय,” ताई म्हणाल्या. त्यांचं मराठी जुनं, स्वच्छ होतं.

“येत्या सोमवारी टोळी येतीया. मग ट्रॅक्टर लावून खोल नांगरट. दोन पिकं झाली न्हवं, आता रान उलथायला पायजे.”

ते गेल्यावर मी भामाबाईला पुन्हा विचारलं. तिनं शेळ्या सोडल्या आणि उत्तर न देता रस्त्याला लागली. जाता जाता एवढंच म्हणाली, “ताई, गुरवारी जायचं हाय न्हवं तुमास्नी? मग जावा की सुखानं.”

३

वेबसाइट चालवणारा राजवर्धन साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसायचा. परदेशातल्या कुटुंबांसाठी पूर्वजांच्या कबरी शोधून देणं हे त्याचं काम. वय तिशीचं, दाढी कोरलेली.

“काका?” तो म्हणाला. “पण आडनाव सेम होतं ना, मॅडम. सालही जवळजवळ.”

“म्हणून नवरा-बायको?”

“दगडच शेजारी होते. बारा जोड्या आहेत तिथे. मी फक्त पाट्या केल्या. हे बघा, लोकांना भावना लागते. जोडी दिसली की रडतात. व्हिडिओ कॉलवर अक्षरशः रडतात.”

“मीही रडले असते,” नाओमीताई म्हणाल्या. “पण मला ओकारी आली.”

तो हसला. ते विनोदानं म्हटलंय, असं त्याला वाटलं असावं.

मी त्याला जुने फोटो मागितले. साफसफाईच्या आधी, तीन वर्षांपूर्वी, त्यानं सहज म्हणून एक पान केलं होतं. त्यात इंग्रजी लेखाचे दोन दगड होते. सार्जंट मोझेस सॅम्युएल आणि त्यांची पत्नी रिबेका. दोन्ही लेख वळणदार, जुन्या इंग्रजी अक्षरांत. खाली राजवर्धननं स्वतः लिहिलं होतं, ‘साताऱ्यातलं एक लष्करी जोडपं.’

मला सकाळी पाहिलेली दगडांची मांडणी आठवली. सार्जंट मोझेसचा दगड उत्तरेच्या भिंतीला एकटा होता. रिबेकाचा दक्षिणेच्या भिंतीला, एकटा.

“दगडांची ही नवी मांडणी तुमची नाही?”

“मी कशाला दगड उचलू? मोहीम झाल्यावर गेलो, फोटो काढले, पाट्या लावल्या.”

“तुमच्याच पानावरचं जोडपं तिथे तुटलेलं आहे. तुम्हाला दिसलं नाही?”

“त्या फॅमिलीची अजून इन्क्वायरी नाही आली, मॅडम.”

आम्ही जिना उतरलो.

भिंत बांधणारा ठेकेदार वीरधवल त्याच्या साइटवर भेटला. इंजिनिअर, पाचगणीच्या शाळेत शिकलेला. दोन फोनवर एकाच वेळी इंग्रजीतून बोलत होता. आम्हाला पाहून त्यानं खुर्च्या मागवल्या.

“भिंत माझी. फुकट बांधली, सेवा म्हणून. दगडांना माझ्या माणसांनी हात लावला नाही.”

“भिंत इथेच घ्यायची, हे कुणी ठरवलं?”

“आम्ही गेलो तेव्हा दोरी मारलेलीच होती. दोरीवर पाया घेतला.”

“दोरी कुणी मारली?”

वीरधवल हसला. “बाई, समाजकार्यात असलं कोण विचारतं? आणि कुणाची तक्रार येणार होती? मेलेली माणसं काय सातबारा घेऊन झोपत्यात व्हय?”

त्याच्या माणसांनीही हसून घेतलं. नाओमीताई उठून उभ्या राहिल्या. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला.

“क्रांती, तो नुसत्या दगडांबद्दल बोलत नव्हता. भिंतीच्या पलीकडे काय आहे?”

४

मंगळवारी सकाळी आम्ही टेप, वही आणि छत्री घेऊन गेलो. ताई वाचायच्या, मी लिहायचे. मराठी लेखांत नाव, कुठेकुठे हुद्दा आणि मृत्यूची तारीख होती. वय आणि प्रार्थना हिब्रूत, ते ताईंनाच कळे.

सातव्या जोडीपाशी त्या थांबल्या.

“हा नवरा,” त्या म्हणाल्या, “हिब्रूत लिहिलंय, अकरा वर्षांचा. आणि ही त्याची बायको, साठ वर्षांची. आजी असेल त्याची.”

पाटीवर लिहिलं होतं, ‘पती-पत्नी.’ खाली एक गुलाबाचं फूलही कोरलं होतं.

एकूण चव्वेचाळीस कबरी. त्यांतले चाळीस सुटे दगड होते आणि चार चुन्यात बांधलेले ओटे. ओटे हलवता येत नाहीत, फोडावे लागतात. त्यामुळे ते जागच्या जागी असणार, हे मी धरून चालले. सुट्या दगडांपैकी चोवीस जोडीनं लावलेले होते, सगळे मराठी लेखांचे. उरलेले सोळा फक्त हिब्रू किंवा फक्त इंग्रजी होते. ते भिंतीकडेला एकेकटे.

मग मी अंतरं घेतली. जोडीतल्या दोन दगडांत शहात्तर सेंटिमीटर. जोडी आणि जोडीच्या मधे एकशे बावन्न. पुढे पुन्हा शहात्तर, पुन्हा एकशे बावन्न. बाराही जोड्यांत फरक एखाद्या सेंटिमीटरचा. ठेकेदार मीटरमध्ये मोजतो, गवंडी फुटात. शहात्तर सेंटिमीटर म्हणजे अडीच फूट, ना सरळ मीटरात बसणारं, ना पुऱ्या फुटात. हे माप कुणाचं?

ते वहीत लिहून ठेवलं, कारण आधी दुसरा प्रश्न सोडवायचा होता.

“ताई, तुमच्यात नवरा-बायकोला शेजारी पुरतात का?”

“मोठ्या शहरांत जागा विकत घेऊन पुरत असतील. इथे नाही. इथे जो जाईल त्याला पुढची जागा. श्रीमंत असो, गरीब असो.” त्या पुढच्या दगडाकडे वळल्या. “बाबा सांगायचे, आईच्या शेजारी कुणी पोलीस हवालदार होता. पंधरा दिवस आधी गेलेला, अगदी अनोळखी. सुनेला परपुरुषाशेजारी ठेवलं म्हणून आजी दोन दिवस जेवली नव्हती.”

मी छत्रीखाली बसून चव्वेचाळीस नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली. लिआ झिराडकर बेचाळिसाव्या आल्या. एकेचाळिसावं नाव होतं दाऊद पेझारकर, पोलीस हवालदार. तारीख बरोबर पंधरा दिवस आधीची.

मग ओटे पाहिले. तारखेप्रमाणे त्यांचे क्रमांक होते दोन, नऊ, चौदा आणि अठ्ठावीस.

दोन आणि नऊ एकाच रांगेत होते. मधलं अंतर तेरा मीटर तीस. त्याचे सात भाग केले की प्रत्येक कबरीला एक मीटर नव्वद येतात. रांगेत दहा कबरी धरल्या तर चौदावी दुसऱ्या रांगेत चौथी यायला हवी, म्हणजे पहिल्या ओट्याच्या रेषेपासून तीन मीटर ऐंशीवर. ती तीन पंच्याहत्तरवर होती. अठ्ठाविसावी तिसऱ्या रांगेत आठवी, अकरा मीटर चाळीसवर. ती अकरा पन्नासवर होती. रांगा एकमेकींपासून तीन मीटर, पश्चिमेकडून पूर्वेकडे.

नियम चारही ठिकाणी बसला. एखादा अपवाद निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

“बेचाळिसावी म्हणजे पाचव्या रांगेत दुसरी,” मी म्हणाले. “क्रमांक दोनच्या ओट्याच्या सरळ रेषेत, बारा मीटर पूर्वेला.”

ताई ओट्याकडे गेल्या. मी टेप धरून पूर्वेकडे चालत राहिले. सात मीटरवर भिंत आली. तिसऱ्या रांगेच्या पुढे अवघ्या एका मीटरवर.

टेप भिंतीला टेकली होती. पलीकडे ऊस सळसळत होता.

एकतीस ते चव्वेचाळीस. चौदा माणसं.

५

आम्ही मोजमाप करतोय, ही बातमी दुपारपर्यंत पोचली होती. वीरधवल गाडी घेऊन आला, राजवर्धन त्याच्याच गाडीत. नानासो बांधावरून आले. भामाबाई फाटकाशी उभी राहिली, ना आत ना बाहेर.

“काय मोजताय, म्याडम?” नानासोंनी विचारलं. “परीक्षा हाय का काय आमची?”

“दगड हलवलेले आहेत. तळाखाली पाचट आहे,” मी म्हणाले. “ज्यानं हलवले त्यानं आडनावं जुळवून बारा जोड्या लावल्या. मराठी लेखांच्याच. खरोखरचं एक जोडपं होतं, मोझेस आणि रिबेका. त्यांचे दगड इंग्रजीत होते, ते त्याला वाचता आले नाहीत, म्हणून त्यांना दोन टोकांना टाकलं. राजवर्धनला ते जोडपं माहीत होतं, त्यानं ही चूक केली नसती. वीरधवल दिवसभर इंग्रजीच बोलतात. भामाबाईला मराठीही वाचता येत नाही.”

“मग भुतानं हलवले म्हना की,” नानासो म्हणाले. वीरधवल हसला.

“हवालदारसाहेब, फौजेत तुम्ही काय काम करायचात?”

“ड्रिल उस्ताद!” छाती आपोआप पुढे आली. “बावीस वर्सं रंगरूट घडवलं.”

“ह्या जोडीपासून त्या जोडीपर्यंत जरा चालून दाखवता?”

“का न्हाई?” ते पहिल्या जोडीच्या अलीकडच्या दगडाशी टाचा जुळवून उभे राहिले. डावा, उजवा. दोन पावलं. टाच खाडकन जमिनीवर बसली ती बरोबर पुढच्या जोडीच्या रेषेवर. “फौजी पाऊल. तीस इंच. झोपंत चालाय लावा, सूतभर फरक पडायचा न्हाई.”

“तीस इंच म्हणजे शहात्तर सेंटिमीटर,” मी म्हणाले आणि वही त्यांच्यापुढे धरली. “जोडीत एक पाऊल. दोन जोड्यांत दोन पावलं. बाराही जोड्या.”

ते वहीकडे बघत राहिले. मग आपल्या बुटांकडे.

वीरधवलनं खिशातून फोन काढला आणि पाठ फिरवली. राजवर्धन पाट्यांकडे बघत होता, त्यांची संख्या मोजत असावा.

“बरं, केलं म्या,” नानासो म्हणाले. आवाज खाली आला नव्हता. “काय वाईट केलं? समदी बेवारशी, एकएकटी पडल्याली. कुठं नवरा, कुठं बायकू. जोडीनं बसवली, शिस्तीत बसवली. धुतली, चकचकीत केली. पुण्याचं काम हाय त्ये.”

“आणि मागच्या दोन रांगा?”

“मागं काय न्हवतंच. झाडोरा हुता.”

“न्हवतं कसं?”

ही भामाबाई होती. ती आत आली होती.

“न्हवतं कसं, नानासो? म्या बघितलं न्हवं! पैल्या नांगरटीला कवटीचं टवकाळ वर आलं. तुमी काठीनं ढकलून बांधावर सारलं. दुसऱ्या दिशी कुत्र्यानं नेलं. आन् मला म्हनलासा, बोललीस तर खोलीचं पत्रं काढीन.”

मी नाओमीताईंकडे पाहिलं नाही. माझं तेवढं धैर्य झालं नाही.

त्या उसातून आलेला गूळ आम्ही काल खाल्ला होता. साखर हवेतल्या कर्बवायूपासून आणि पाण्यापासून बनते. जमिनीतून वनस्पती थोडेसे क्षार घेते, दुसरं काही नाही. हे मी एकतीस वर्षं मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. ते खरं आहे. तरी मी भिंतीशी गेले आणि तोंडात बोट घालून, जेवढं पडेल तेवढं पाडलं.

परत आले तेव्हा नानासो ताईंच्या समोर हात जोडून उभे होते.

“झालं गेलं गंगंला मिळालं, ताई. तुमी लांबनं आलाय. तुमच्या आईची जागा मी आत्ता रिकामी करून देतो. दहा फूट. माझ्या हातानं ऊस तोडतो. आईचा दगुड परत तितं बसवतो, आजच्या आज. उद्या निवांत बसा, पूजा करा, काय करायचं त्ये करा. आन् भांडान मिटवा.”

वीरधवल वळला. “फेअर आहे,” तो म्हणाला.

मला माहीत होतं ताई कशासाठी आल्या होत्या. एक तास आणि एक स्तोत्र. तेच त्यांना आता हातात ठेवून दिलं जात होतं. बुधवार मोकळा होता. वय एकोणऐंशी. पुन्हा येणं होणार नव्हतं.

“आणि बाकीचे तेरा?” ताईंनी विचारलं.

“त्येंचं कोन येतंय आता?” नानासो खरोखरच गोंधळले होते. “आवं, त्येंचं कोनच न्हाई.”

ताईंनी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ. एखादी नासलेली वस्तू टाकण्यापूर्वी माणूस जसं पाहतं, तसं.

“माझ्या आईच्या दगडाला,” त्या म्हणाल्या, “तुम्ही पुन्हा हात लावायचा नाही.”

६

बुधवारी आम्ही तहसील कचेरीत होतो. ताई कबरस्तानात गेल्या नाहीत. सकाळी मी विचारलं होतं, निदान भिंतीपाशी बसू या का? त्या म्हणाल्या, “आई त्या चौदांत आहे. तिला एकटीला बाहेर बोलावून मी काय बोलू?”

कारकून तरुण होता आणि वाईट नव्हता. सोमवारची तोड आणि त्यानंतरची नांगरट थांबवायची तर आज अर्ज हवा, हे त्यानंच सांगितलं. मी नकाशा काढून आणला होता. चार ओटे, पाच रांगा, भिंतीची रेषा, चौदा क्रमांक. त्यानं तो दोनदा पाहिला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही दाखवला.

“मॅडम, हे समजतंय. पण अर्जदार स्थानिक पाहिजे. ह्या बाई परदेशी नागरिक, तुम्ही सांगलीच्या. इथलं कुणी आहे का?”

राजवर्धनला मी सकाळी फोन केला होता. त्याला ‘ह्यात पडायचं नव्हतं’. गावच्या दोघा शिक्षकांना केला. एकानं नानासोंचं नाव ऐकून फोन ठेवला. दुसऱ्यानं मला समजावलं की एवढ्या जुन्या गोष्टी उकरू नयेत. उकरणं हा शब्द त्यांनीच वापरला.

“कुणी नाही,” मी म्हणाले.

“मग कठीण आहे.”

तेवढ्यात बाकावरून भामाबाई उठली. ती केव्हा येऊन बसली होती ते मला कळलं नव्हतं. डोक्यावर पोतं होतं, पोत्यात भांडी. नानासोंनी काल संध्याकाळीच खोलीचे पत्रे काढले होते.

“माझा घ्या अंगठा,” ती म्हणाली.

नाओमीताई सरकून तिला जागा द्यायला लागल्या, तर ती बसली नाही. “नगं, ताई. माझ्या शेरडांनी दोन वर्सं त्याच उसाचं वाडं खाल्लंया. त्येंचंच दूध म्या पिले. समदं ठाऊक असून पिले. तुमच्याजवळ बसाय माझं मला बरं वाटत न्हाई.”

ताईंनी तिला बस म्हटलं नाही. माफही केलं नाही. फक्त आपली पर्स बाकावरून उचलून मांडीवर घेतली. जागा तशीच रिकामी राहिली.

कारकुनानं अर्ज पुढे ओढला. एकतीस ते चव्वेचाळीस, चौदा नावं मी आधीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली होती. प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा होता.

“मयताशी अर्जदाराचं नातं?” त्यानं विचारलं.

भामाबाईनं अंगठा शाईत दाबला.

“शेजारीन,” ती म्हणाली.

कारकून पेन धरून थांबला. “असं नातं चालत नाही, मावशी. रक्ताचं सांगा, नाहीतर लग्नाचं.”

“लिहा,” नाओमीताई म्हणाल्या. “चौदा वेळा लिहा.”